टेसरॅक्ट ५ : सोर्समधून बांधायचं की तयार पॅकेज वापरायचं? (मराठी ओसीआर)

मुद्रितशोधक

जुन्या मराठी पुस्तकांच्या स्कॅनमधून मजकूर काढण्यासाठी (म्हणजे ओसीआरसाठी) टेसरॅक्ट हा प्रोग्राम वापरणाऱ्यांसाठी हा धागा काढतोय.

परिस्थिती अशी: उबंटू २२.०४, चार कोर, ८ जीबी रॅम. उबंटूच्या पॅकेज-भांडारातली टेसरॅक्टची आवृत्ती ४.१.१. मूळ प्रकल्पाची ५.०.० नोव्हेंबर २०२१ मध्येच आली, पण २२.०४ मध्ये ती नाही. स्कॅन ३०० डीपीआयचे, टिफ स्वरूपात, एकेका पुस्तकाची तीनेकशे पानं. मजकूर मराठी, मधूनच इंग्रजी शब्द. अपेक्षा दोन. वेग वाढावा, आणि 'ऱ्या', 'ऱ्हा', 'ळ' इथे होणाऱ्या चुका कमी व्हाव्यात.

सोर्समधून बांधल्याने यातलं नेमकं काय साधेल? आणि बांधायचंच असेल तर चालू यंत्रणा न बिघडवता कसं? आज्ञा देवनागरीत लिहिल्या तरी चालतील, टर्मिनलवर रोमनमध्ये टाइप करता येतात.

मेकफाइल

आधी तीन गोष्टी वेगळ्या करा, कारण त्यांची नेहमी सरमिसळ होते. पहिली, टेसरॅक्टचं इंजिन. दुसरी, लेप्टोनिका ही प्रतिमा वाचणारी लायब्ररी. तिसरी, भाषेचं मॉडेल म्हणजे 'मार डॉट ट्रेन्डडेटा' ही फाइल. सोर्समधून बांधलं की फक्त पहिली बदलते. 'ऱ्या'ची चूक तिसरीत आहे. तेच मॉडेल नव्या इंजिनला दिलंत तर ते जवळपास त्याच चुका करील.

आता वेग. 'आपल्या प्रोसेसरसाठी कंपाइल केलं की वेगवान होतं' हे इथे फारसं लागू नाही. टेसरॅक्ट चालू होताना प्रोसेसर तपासतं आणि एव्हीएक्स२, एफएमए, एसएसई किंवा एआरएमवर निऑन यांपैकी जे असेल त्यासाठी लिहिलेला कोड निवडतं. तयार पॅकेजातही हे सगळं असतं. 'टेसरॅक्ट --व्हर्शन' चालवा, 'फाउंड एव्हीएक्स२' अशी ओळ दिसेल. ती दिसली की 'मार्च=नेटिव्ह' (याच प्रोसेसरसाठी बांधायचा पर्याय) लावून हाती लागण्यासारखं फार काही उरत नाही. उलट तशी बांधलेली बायनरी जुन्या प्रोसेसरच्या यंत्रावर नेली तर 'इल्लिगल इन्स्ट्रक्शन' म्हणून तिथल्या तिथे बंद पडते.

५ मध्ये एक खरा बदल आहे. एलएसटीएमची (अक्षरं ओळखणाऱ्या न्यूरल नेटवर्कची) गणितं आता डबलऐवजी फ्लोटमध्ये होतात. फायदा मुख्यतः 'बेस्ट' मॉडेल वापरताना आणि ट्रेनिंग करताना दिसतो. 'फास्ट' मॉडेलचे गुणांक मुळात पूर्णांकी असतात, तिथे फरक कमी.

तुमच्या कामाला सर्वांत मोठा वेग काहीही न बांधता मिळेल. टेसरॅक्ट एका पानासाठी ओपनएमपीचे (एक काम अनेक कोरांवर वाटणाऱ्या सोयीचे) चार धागे उघडतं आणि त्यांचा बराच वेळ एकमेकांची वाट बघण्यात जातो. शेकडो पानं असतील तर पर्यावरणातलं 'ओएमपी_थ्रेड_लिमिट' हे चल १ ठेवा आणि 'एक्सआर्ग्ज -पी ४' किंवा ग्नू पॅरलल वापरून चार पानं एकदम सोडा. एक कोर, एक पान.

मुद्रितशोधक

धन्यवाद, हे नेमकं आहे. मग 'ऱ्या'साठी मॉडेल नव्याने शिकवायचं झालं तर ट्रेनिंगची साधनं हवीत ना? ती तर सोर्समधून बांधल्याशिवाय मिळत नाहीत असं सगळीकडे वाचायला मिळतं.

देवनागरी_दप्तर

डेबियन आणि उबंटूवर ते खरं नाही. 'एलएसटीएमट्रेनिंग', 'एलएसटीएमइव्हॅल', 'टेक्स्ट२इमेज', 'कंबाइन_टेसडेटा', 'युनिकारसेट_एक्स्ट्रॅक्टर' ही सगळी 'टेसरॅक्ट-ओसीआर' या पॅकेजातच येतात. 'डीपीकेजी -एल टेसरॅक्ट-ओसीआर' (मोठा एल) करून यादी बघा.

तरीही तुम्हाला नवी आवृत्ती लागेल, कारण वेगळं. ट्रेनिंगसाठी सध्या जो संच वापरतात तो 'टेसट्रेन', आणि त्याला टेसरॅक्ट ५.३ किंवा पुढचं हवं. तुम्ही मांडलेल्या दोन अपेक्षांपैकी एकीसाठीही नाही, तर या तिसऱ्या गोष्टीसाठी ४.१.१ सोडावं लागतंय.

मराठीसाठी टेसट्रेन वापरताना चार गोष्टी सांभाळा.

पाया म्हणून 'टेसडेटा_बेस्ट' मधलं मॉडेल घ्या. 'टेसरॅक्ट-ओसीआर-मार' पॅकेजात येतं ते 'फास्ट'. त्यावरून पुढे शिकवायला गेलात तर 'हे पूर्णांकी मॉडेल आहे, ट्रेनिंग पुढे नेता येत नाही' अशा अर्थाची चूक देऊन काम थांबतं.

'मेक ट्रेनिंग' देताना 'स्टार्ट_मॉडेल=मार' बरोबर 'लँग_टाइप=इंडिक' लिहा. त्याने सामान्यीकरणाची पद्धत भारतीय लिप्यांसाठीची होते. हे राहिलं तर अक्षरं स्वर-व्यंजनांच्या चुकीच्या तुकड्यांत मोडली जातात आणि ट्रेनिंग शेवटपर्यंत चालूनही हाती लागलेलं मॉडेल कुचकामी निघतं. त्याआधी एकदा 'मेक टेसरॅक्ट-लँगडेटा' चालवा, लिपीच्या सहायक फाइली त्याने उतरतात.

प्रत्येक ओळीची एक प्रतिमा आणि त्याच नावाची 'डॉट जीटी डॉट टीएक्सटी' फाइल लागते. मजकूर युनिकोडमध्ये एकाच पद्धतीने लिहिलेला असायला हवा, आणि मराठीत नेमकं इथेच घोडं अडतं. 'ऱ्या'तला अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो: एक म्हणजे यू+०९३१ आणि हलन्त, दुसरा म्हणजे साधा र, हलन्त आणि शून्यरुंदीचा जोडक यू+२००डी. डोळ्यांना दोन्ही सारखेच. 'ॲ'चंही तसंच, एक स्वतंत्र अक्षर यू+०९७२ आणि दुसरं अ वर चंद्र देऊन. दोन्ही रूपं मिसळली तर मॉडेल एकाच आकृतीला दोन उत्तरं शिकतं. आधी सगळ्या फाइलींवर शोध-बदल चालवून एकच रूप ठेवा. मी यू+०९३१ आणि यू+०९७२ ही रूपं सुचवीन.

ट्रेनिंगच्या नोंदीत 'एन्कोडिंग ऑफ स्ट्रिंग फेल्ड' दिसू लागलं तर त्या ओळीत मॉडेलच्या अक्षरसंचाबाहेरचं काहीतरी आहे. बहुधा न दिसणारा जोडक, नाहीतर वर्ड प्रोसेसरमधून आलेलं वळणदार अवतरणचिन्ह. अशी ओळ शिकवण्यातून वगळली जाते. चार-दोन ओळींचं काही नाही, पण तीच सगळी 'ऱ्या'वाली पानं असतील तर ज्यासाठी खटाटोप केला तेच गळतं.

काळा_पडदा

+१. शिकवण्याआधी 'स्क्रिप्ट/देवनागरी' हे मॉडेलही वापरून बघावं. पॅकेजचं नाव 'टेसरॅक्ट-ओसीआर-स्क्रिप्ट-देवा'. मराठीत इंग्रजी शब्द मिसळलेले असतील तर 'मार+इंग' या जोडीपेक्षा ते कधीकधी सरस ठरतं, आणि दोन मॉडेल चालवण्याचा वेळही वाचतो. एकाच पुस्तकाची दहा पानं घेऊन दोन्हींचे निकाल 'डिफ'ने ताडून पाहा.

मेकफाइल

५.३+ लागणारच म्हटल्यावर बांधणीकडे वळू. उबंटू २२.०४ गृहीत धरतो.

सुरुवात अवलंबनांपासून. सगळ्यात सोपा मार्ग 'सुडो ॲप्ट बिल्ड-डेप टेसरॅक्ट'. इथे नाव फक्त 'टेसरॅक्ट', कारण सोर्स पॅकेजचं नाव ते आहे. 'डेब-एसआरसी ओळी टाका' अशी तक्रार आली तर /ईटीसी/ॲप्ट/सोर्सेस.लिस्ट मधल्या 'डेब-एसआरसी'ने सुरू होणाऱ्या ओळींपुढचं # काढा आणि 'ॲप्ट अपडेट' करा. (२४.०४ वर ही फाइल बदलली आहे. तिथे सोर्सेस.लिस्ट.डी मधल्या उबंटू.सोर्सेस या फाइलीत 'टाइप्स: डेब'च्या पुढे 'डेब-एसआरसी' लिहायचं.) ४.१.१ ची ही अवलंबनं ५ ला जवळजवळ पुरतात. वर आणखी 'ऑटोकॉन्फ-आर्काइव्ह', 'पीकेजी-कॉन्फिग' आणि 'गिट' आहेत ना बघून घ्या.

लेप्टोनिका वेगळी बांधू नका. जुने लेख तिथून सुरुवात करतात, कारण तेव्हा भांडारातली आवृत्ती अपुरी पडायची. २२.०४ मध्ये १.८२ आहे आणि टेसरॅक्ट ५ ला १.७४ पुरते. 'लिबलेप्टोनिका-डेव्ह' टाका, झालं.

मग सोर्स. मुख्य शाखा न घेता प्रकाशित खूण घ्या: 'गिट क्लोन', पुढे '--ब्रँच ५.५.०' आणि '--डेप्थ १'. मुख्य शाखेत रोज बदल होतात. उद्या चूक सापडली तर नेमकं काय बांधलं होतं ते सांगता यायला हवं.

त्या फोल्डरात जाऊन क्रमाने:

./ऑटोजेन.एसएच
./कॉन्फिगर --प्रीफिक्स=/ऑप्ट/टेसरॅक्ट-५.५.०
मेक -जे ४
मेक ट्रेनिंग
सुडो मेक इन्स्टॉल
सुडो मेक ट्रेनिंग-इन्स्टॉल

यातली सगळ्यात महत्त्वाची पायरी कॉन्फिगर, आणि सगळ्यात कमी वाचली जाते तीही तीच. ऐच्छिक लायब्ररीचे हेडर सापडले नाहीत तर कॉन्फिगर थांबत नाही, ती सोय मुकाट वगळून पुढे जातं. शेवटी छापलेला सारांश वाचा. आयसीयू आणि पँगो (युनिकोड आणि मजकूर-मांडणीच्या लायब्रऱ्या) मिळाले असतील तर 'ट्रेनिंगची साधनं मेक ट्रेनिंगने बांधता येतील' असं असतं. नसतील तर 'बांधता येणार नाहीत' असं तितक्याच साध्या ओळीत असतं, आणि मुख्य बांधणी मात्र सुरळीत पार पडते. कशामुळे वगळलं ते कॉन्फिग.लॉग मध्ये सापडतं.

लेप्टोनिका हाताने बांधणाऱ्यांना हाच फटका जास्त बसतो. लिबटिफ, लिबपीएनजीचे हेडर नसताना ती बांधली तरी बांधली जातेच, पण पुढे प्रत्येक टिफवर 'हे फंक्शन उपलब्ध नाही' असं सांगते. लोक टिफ फाइल खराब आहे म्हणून स्कॅन पुन्हा करत बसतात. 'टेसरॅक्ट --व्हर्शन'मध्ये लेप्टोनिकाखालच्या ओळीत लिबजेपेग, लिबपीएनजी, लिबटिफ, झेडलिब यांची नावं दिसायलाच हवीत.

नेहमी येणाऱ्या आणखी दोन चुका. कॉन्फिगरमध्येच '-एमएव्हीएक्स'जवळ 'सिंटॅक्स एरर' आली तर ऑटोकॉन्फ-आर्काइव्ह नाही. ते टाकून ऑटोजेन पुन्हा चालवायचं, नुसतं कॉन्फिगर पुन्हा चालवून भागत नाही. मेक चालू असताना 'किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्राम सीसी१प्लस' आलं तर कोडात दोष नाही, रॅम संपली म्हणून कर्नलने कंपायलर मारला. 'डीमेसेज' बघा आणि -जे ४ ऐवजी -जे १ करा. तुमच्या ८ जीबीवर हे व्हायचं नाही. १ जीबीच्या भाड्याच्या सर्व्हरवर होतं.

नुसती मोठी कामं चालवायची असतील तर कॉन्फिगरला '--डिसेबल-ओपनएमपी' द्या. बांधण्यातून मिळणारा हा खरा फायदा: वर सांगितलेलं पर्यावरणचल प्रत्येक स्क्रिप्टमध्ये आठवणीने लिहायची गरज उरत नाही. ट्रेनिंगही त्याच यंत्रावर करणार असाल तर मात्र ओपनएमपी राहू द्या.

ऱ्हस्वदीर्घ

प्रीफिक्स (टाकायची जागा) /ऑप्ट का? सगळीकडे /युएसआर/लोकल आणि नंतर एलडीकॉन्फिग असंच सांगतात.

मेकफाइल

दोन कारणं.

काढणं सोपं जातं. /ऑप्ट/टेसरॅक्ट-५.५.० हे फोल्डर उडवलं की विषय संपला. /युएसआर/लोकल मध्ये टाकलेलं काढायला 'मेक अनइन्स्टॉल' लागतं आणि त्यासाठी बांधणीचं फोल्डर जपून ठेवलेलं असावं लागतं. ते गेलं असेल तर तीच आवृत्ती उतरवून, त्याच पर्यायांनी कॉन्फिगर करून, मग अनइन्स्टॉल.

दुसरं कारण लायब्ररीचं. डेबियन-उबंटूवर लोडरच्या (प्रोग्राम सुरू होताना लायब्रऱ्या शोधणाऱ्या भागाच्या) यादीत /युएसआर/लोकल/लिब हे सिस्टमच्या फोल्डरांच्या आधी येतं. तिथे कुणी हाताने लेप्टोनिका टाकली आणि तिचं एसओ-नाव (लायब्ररीचं आवृत्तीसह नाव) तेच असलं, तर सिस्टमची पॅकेजंसुद्धा तीच उचलतात. मग टेसरॅक्टशी काडीचा संबंध नसलेला प्रोग्राम बिघडतो आणि कुणाला पत्ता लागत नाही.

एलडीकॉन्फिगचं उत्तरही यातच आहे. /युएसआर/लोकल/लिब लोडरच्या यादीत असल्यामुळे लिबटूल (मेक वापरतं ते लायब्रऱ्या जोडणारं साधन) बायनरीत वेगळा पत्ता कोरत नाही. लोडरची साठवलेली यादी ताजी करायची (म्हणजे एलडीकॉन्फिग चालवायचं) राहिली की 'लिबटेसरॅक्ट.एसओ.५ उघडता येत नाही' येतं. /ऑप्ट सारख्या यादीबाहेरच्या जागी मात्र लिबटूल तो पत्ता बायनरीतच लिहितो, म्हणून तिथे एलडीकॉन्फिगशिवाय चालतं. 'रीडएल्फ -डी' करून 'रनपाथ'ची ओळ बघितलीत की खात्री पटेल.

उत्तरवाहिनी

वरचं सगळं बरोबर आहे, तरी मी हा रस्ता घेऊ नका म्हणेन. 'मेक इन्स्टॉल'ने टाकलेलं ॲप्टला दिसत नाही. दोन वर्षांनी त्या यंत्रावर दुसरा माणूस बसला तर त्याला /ऑप्ट मध्ये काय आहे, कुणी टाकलं, कुठल्या पर्यायांनी बांधलं, काहीच कळणार नाही.

मधला मार्ग आहे आणि तो फार कमी वापरला जातो: डेबियनचं सोर्स पॅकेज घेऊन आपल्या यंत्रावर .डेब बांधणे. डेबियन १२ मध्ये ५.३.० आहे, म्हणजे टेसट्रेनची अट पुरी होते.

'डेव्हस्क्रिप्ट्स' आणि 'इक्विव्हज' टाका. डेबियनच्या पॅकेज पानावरून .डीएससी फाइलचा पत्ता घेऊन 'डीगेट' ला द्या. सही तपासायला 'डेबियन-कीरिंग' लागेल. ते टाका, तपासणी बंद करू नका. उघडलेल्या फोल्डरात 'एमके-बिल्ड-डेप्स -आय -आर -एस सुडो' म्हणजे बांधणीची अवलंबनं एका तात्पुरत्या पॅकेजात गोळा होतात आणि काम झाल्यावर एका फटक्यात काढता येतात. मग 'डीसीएच --लोकल ~जॅमी'. यातली ~ खूण विसरू नका. तिच्यामुळे आवृत्ती ५.३.०-२~जॅमी१ होते आणि ॲप्टच्या हिशेबात ती ५.३.०-२ पेक्षा लहान ठरते, म्हणून उद्या अधिकृत पॅकेज आलं की आपलं पॅकेज आपोआप मागे हटतं. ~ ऐवजी + लिहिलंत तर उलटं होतं, त्याच आवृत्तीचं अधिकृत पॅकेज आलं तरी तुमचंच वरचढ ठरतं.

शेवटी 'डीपीकेजी-बिल्डपॅकेज -यूएस -यूसी -बी' आणि तयार झालेल्या फाइलींवर 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल'. लिबटेसरॅक्ट५ हे लिबटेसरॅक्ट४ च्या शेजारी बसतं, त्याची जागा घेत नाही. जुन्या लायब्ररीवर अवलंबून असलेले प्रोग्राम चालूच राहतात.

डेबियन १२ च्या तयार .डेब थेट उबंटू २२.०४ वर टाकायचा मोह होईल. त्या लिबआयसीयू७२ मागतात, २२.०४ मध्ये लिबआयसीयू७० आहे. '--फोर्स'ने रेटू नका.

मुद्रितशोधक

@उत्तरवाहिनी, या मार्गात भाषा-पॅकेजांचं काय?

उत्तरवाहिनी

बरं झालं विचारलंत. ४.१.१ चं पॅकेज मॉडेल /युएसआर/शेअर/टेसरॅक्ट-ओसीआर/४.०० खाली शोधतं, ५ चं /युएसआर/शेअर/टेसरॅक्ट-ओसीआर/५ खाली. २२.०४ चं 'टेसरॅक्ट-ओसीआर-मार' तसंच राहिलं तर फाइल यंत्रावर असते पण नव्या इंजिनला सापडत नाही. भाषा-पॅकेजात नुसता डेटा असतो, प्रोसेसरवर आणि लायब्रऱ्यांवर अवलंबून काही नसतं. म्हणून डेबियन १२ ची मार, इंग आणि ओएसडी (पानाची दिशा आणि लिपी ओळखणारं मॉडेल) ही तीन पॅकेजं थेट टाकली तरी चालतात. वर म्हटलं त्याला एवढा एकच अपवाद.

मेकफाइल

/ऑप्ट वाल्यांनाही हीच अडचण वेगळ्या रूपात येते. तिथलं इंजिन मॉडेल /ऑप्ट/टेसरॅक्ट-५.५.०/शेअर/टेसडेटा मध्ये शोधतं आणि तिथे मॉडेल एकही नसतं, कारण मॉडेल सोर्सबरोबर येत नाहीत. 'फेल्ड लोडिंग लँग्वेज' ही चूक नव्याण्णव टक्के इथलीच.

उपाय म्हणून 'टेसडेटा_प्रीफिक्स' हे चल दुसऱ्या फोल्डरकडे वळवतात. ते जपून. ३.x मध्ये त्यात टेसडेटाच्या वरच्या फोल्डरचा पत्ता द्यायचा, ४ पासून थेट टेसडेटाचाच. जुने लेख वाचून चुकीचा दिला जातो. शिवाय त्या फोल्डरात नुसत्या ट्रेन्डडेटा फाइली असतील तर साधा मजकूर निघतो, पण शेवटी 'पीडीएफ' किंवा 'टीएसव्ही' लिहिलं की 'रीड_पॅराम्स_फाइल: कान्ट ओपन पीडीएफ' येतं. 'कॉन्फिग्ज' फोल्डर आणि पीडीएफ.टीटीएफ हा फॉन्टही टेसडेटातच असतो. म्हणून चल वळवण्यापेक्षा मॉडेलच योग्य जागी आणून ठेवा: मार, इंग, ओएसडी. ओएसडी नसेल तर '--पीएसएम १' ला पानाची दिशा ओळखता येत नाही.

काळा_पडदा

सुरक्षिततेचा मुद्दा अजून कुणी काढला नाही. सोर्समधून बांधलेल्याला ॲप्टची सुरक्षा-दुरुस्ती मिळत नाही. मूळ प्रकल्पाच्या घोषणांवर स्वतः नजर ठेवावी लागते. ओसीआर बाहेरून आलेल्या प्रतिमा उघडतं, तेव्हा हे दुय्यम नाही.

उत्तरवाहिनी

अर्धं खरं. सप्टेंबर २०२३ मध्ये लिबवेबपी या वेबपी प्रतिमा वाचणाऱ्या लायब्ररीत गंभीर दोष सापडला, त्याचा सार्वजनिक नोंदक्रमांक सीव्हीई-२०२३-४८६३. लेप्टोनिका लिबवेबपी वापरते. ज्यांनी फक्त टेसरॅक्ट बांधलं होतं आणि लेप्टोनिका, लिबवेबपी सिस्टमच्या ठेवल्या होत्या, त्यांना नेहमीच्या 'ॲप्ट अपग्रेड'ने दुरुस्ती मिळाली, पुन्हा बांधावं लागलं नाही. ज्यांच्याकडे सगळं एकाच गठ्ठ्यात बांधलेलं होतं, मग ती स्टॅटिक बायनरी असो, ॲपइमेज असो की जुना कंटेनर, त्यांना तो गठ्ठा बदलेपर्यंत थांबावं लागलं. म्हणून प्रश्न फक्त 'बांधलं की नाही' एवढाच नाही. किती खालपर्यंत बांधलं तेही बघायला हवं. जेवढं वरच्या थरापुरतं बांधाल तेवढी निगा कमी.

ऱ्हस्वदीर्घ

पण सोर्स डोळ्यांसमोर असतो, बायनरीत काय आहे ते कळत नाही. विश्वासाच्या दृष्टीने सोर्स बरा नाही का?

उत्तरवाहिनी

एक्सझेड या फाइली आकसवणाऱ्या साधनाचं प्रकरण आठवा. २९ मार्च २०२४ ला अँड्रेस फ्रॉइंड यांनी ते उघड केलं, सीव्हीई-२०२४-३०९४. आवृत्त्या ५.६.० आणि ५.६.१. त्यात मागचं दार उघडणारा दुवा गिटमध्ये नव्हता. प्रकाशित टारबॉलमध्ये (उतरवून घ्यायच्या सोर्सच्या गठ्ठ्यात) एक बदललेली एम४ फाइल (कॉन्फिगर घडवणारी) होती आणि ती कॉन्फिगर चालताना कामाला लागायची. म्हणजे गिटमधला सोर्स ओळन् ओळ वाचणाऱ्यालाही ती दिसली नसती, आणि टारबॉल उतरवून बांधणारा सोर्समधूनच बांधत होता. पुन्हा ती फाइल आपण डेबियन किंवा आरपीएम पॅकेजच्या बांधणीत आहोत का हे तपासायची.

डेबियनच्या स्थिर आवृत्तीत ते पोहोचलं नव्हतं. टेस्टिंग आणि अनस्टेबलमध्ये पोहोचलं होतं. जुनी आवृत्ती धरून बसतात म्हणून स्थिर वितरणांना नावं ठेवतात, तिथे त्याच उशिराने वाचवलं.

टेसरॅक्टपुरतं सांगायचं तर टारबॉलऐवजी गिटची खूण घेऊन स्वतः ऑटोजेन चालवणं जास्त चांगलं, आणि वर मेकफाइल यांनी तेच सांगितलंय. पण नुसतं स्वतः कंपाइल केलं म्हणून तपासणी झाली असं होत नाही.

देवनागरी_दप्तर

ज्यांना यातलं काहीच नको आणि फक्त ५.३ हवं त्यांच्यासाठी: पॉडमन किंवा डॉकरमध्ये डेबियन १२ ची प्रतिमा घ्या, आत 'ॲप्ट इन्स्टॉल टेसरॅक्ट-ओसीआर टेसरॅक्ट-ओसीआर-मार', आणि स्कॅनचं फोल्डर आत जोडा. काही बांधायचं नाही, मूळ यंत्रणेला हात लागत नाही. मात्र सुरक्षा-दुरुस्तीसाठी प्रतिमा अधूनमधून नव्याने तयार करायची, वर तो मुद्दा आलाच आहे.

विंडोजवर कुणी कंपाइल करायच्या फंदात पडू नये. जर्मनीतल्या मानहाइम विद्यापीठाच्या ग्रंथालयाने तयार केलेला इन्स्टॉलर आहे, त्यात भाषा निवडताना मराठीवर खूण करायची. मॅकवर होमब्र्यूचं 'टेसरॅक्ट' आणि भाषांसाठी 'टेसरॅक्ट-लँग'.

मुद्रितशोधक

उत्तरवाहिनी यांच्या पद्धतीने ५.३.० ची .डेब तयार झाली, 'मार' सापडतंय. एकच शंका. काही पानांवर 'इन्व्हॅलिड रिझोल्यूशन ० डीपीआय, युझिंग ७०' असं येतं. ही बांधणीतली चूक आहे का?

देवनागरी_दप्तर

नाही. त्या प्रतिमांच्या शीर्षभागात डीपीआयची नोंद नाही. कापणी किंवा सरळ करणाऱ्या प्रोग्रामने ती पुसलेली असते. आज्ञेत '--डीपीआय ३००' लिहा. आवृत्तीशी याचा संबंध नाही, ४ मध्येही असंच व्हायचं.

काळा_पडदा

/ऑप्ट किंवा /युएसआर/लोकल चा मार्ग घेतलेल्यांनी एक तपासणी जरूर करावी: 'टाइप -ए टेसरॅक्ट'. जुनं पॅकेज काढलेलं नसेल तर दोन पत्ते दिसतील आणि वरचा चालतो. पॅकेज नुकतंच काढलं असेल आणि शेल अजून जुनाच पत्ता धरून '/युएसआर/बिन/टेसरॅक्ट सापडत नाही' म्हणत असेल तर 'हॅश -आर'.

हेच क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी कामं चालवणाऱ्या सेवेत) फसतं. क्रॉनच्या पाथमध्ये (प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) फक्त /युएसआर/बिन आणि /बिन असतात. टर्मिनलवर ५.५ चालतं आणि रात्रीच्या कामात ४.१.१. चूक कुठेच येत नाही, फक्त निकाल वेगळे. पायटेसरॅक्ट आणि ओसीआरमायपीडीएफ ही टेसरॅक्ट वापरणारी साधनं दोन्ही पाथवरूनच टेसरॅक्ट शोधतात, त्यामुळे त्यांनाही हे लागू. क्रॉनटॅबच्या पहिल्या ओळीत पूर्ण पाथ लिहा, किंवा पायटेसरॅक्टमध्ये 'टेसरॅक्ट_सीएमडी' ला पूर्ण पत्ता द्या.

मेकफाइल

आणि स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'टेसरॅक्ट --व्हर्शन'चा निकाल नोंदफाइलीत लिहून ठेवा. ४ ची आणि ५ ची पानं एकाच पुस्तकात मिसळली असतील तर नंतर ओळखायला तेवढा एकच पुरावा असतो.